बुधवारचा खुंटा

१

शुक्रवारी सकाळी सात वाजता डाळजच्या काठावर एकोणीस हंस मरून पडलेले सापडले. विसावा अजून मान हलवत होता. आमच्या देखत त्यानं ती गाळात टेकवली, म्हणून वनरक्षक माधवी मॅडमच्या कागदावर वीसचा आकडा पडला.

हंस म्हणजे चित्रातले पांढरे नव्हेत. राखाडी अंगाचे, डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळ्या पट्ट्या असलेले. दुर्बीणवाली मंडळी त्यांना पट्टकदंब म्हणतात. हिमालय ओलांडून येतात म्हणे. एवढा डोंगर पार करायचा आणि मरायला इंदापूर तालुका गाठायचा, म्हणजे नशीबच.

उजनी धरणाचं पाणी आमच्या दारात समुद्रासारखं पसरलेलं असतं. पलीकडचा काठ दिसत नाही. पाठीमागं वळलं की बाभळी आणि भाजलेलं माळरान. नव्या पाहुण्याला वाटतं, हे पाणी इथं चुकून सांडलंय. पाण्याचा हा पट्टा पक्ष्यांसाठी राखीव. रोहित पक्षी बघायला लांबलांबची माणसं येतात, आमच्या गावच्या सहा होड्यांपैकी एकीत बसतात आणि परत आल्यावर माझ्या पत्र्याच्या खानावळीत चिलापी माशाचं कालवण खातात. मी संजीवनी. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकं विसरून गेलेल्या पुस्तकांवर, आणि त्यांतली निम्मी खुनाची.

मॅडमच्या शेजारी दीपक उभा होता. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. ती गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता, आता सव्वीसचा. पाहुण्यांना पक्षी दाखवतो, आणि या काठावर त्याच्याइतके पक्षी ओळखणारा दुसरा नाही. बुधवारीच पुण्याचे एक साहेब तोफेएवढी कॅमेऱ्याची नळी घेऊन आले होते. जेवताना त्यांनी मला फोटो दाखवला. हंस एवढे जवळ की चोचीवरचं पाणी दिसावं. "तुमच्या दीपकनं कमाल केली," म्हणाले. मी त्यांना वाटीभर कालवण जास्त वाढलं.

"होड्या बघून घेऊ," मॅडम म्हणाल्या.

पाच होड्यांत जाळी आणि विड्यांची थोटकं निघाली. सहावी युनूसभाईंची. पुढच्या फळीखाली पोतं होतं. मॅडमनी तोंड सोडलं आणि दोन लांब माना बाहेर लोंबल्या.

वीसचे बावीस झाले.

"चाचा, हा धंदा कधीपास्नं?" मागनं कुणीतरी म्हणालं.

"हाटेलात जात असतील. हंसाची बिर्यानी."

युनूसभाई पंचावन्नचे. वडिलांपासून याच पाण्यावर. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि परत घातली. "काल सांजच्याला हे दोन पडल्यालं दिसलं. कुत्र्यांनी वढू नये म्हनून उचललं."

"मग सांगितलं का नाही?" मॅडमनी विचारलं.

"सांगितलं हुतं."

"मला तर नाही सांगितलंत."

"तुमचा फोन लागंना. दुसऱ्याला सांगितलं."

"कुणाला?"

युनूसभाईंनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली. कुठंच थांबवली नाही.

"ज्याला सांगितलं त्यानं बोलावं," ते म्हणाले. "म्या न्हाय नाव घ्यायचो."



२

अंगावर जखम नव्हती, म्हणजे विषच असणार, असं म्हणून मॅडमनी पक्ष्यांचे नमुने पुण्याला पाठवले. अहवालाला महिना लागणार होता. होडीवाल्यांच्या समितीला मात्र महिना थांबायचं नव्हतं. समितीचे अध्यक्ष सर्जेराव आबा. पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळाची जमीन ते कसतात, आणि गावात त्यांच्या पुढं कुणी खुर्चीवर बसत नाही. त्यांनी सोमवारी सकाळी माझ्या खानावळीत बैठक ठेवली. विषय एकच. युनूसची होडी काठावरून कायमची काढायची. तोवर पोरांनी ती ओढून बाभळीखाली पालथी घातली.

होडी गेली की त्या घरात काही उरत नव्हतं. जमीन नाही, दुकान नाही, परगावी कामाला गेलेला मुलगा नाही. या काठावर पाय ठेवायची परवानगी, एवढीच युनूसभाईंची इस्टेट.

शनिवारी सकाळी त्यांची बायको करिमा आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. दारातच उभी राहिली. मी रंगपंचमीचा गुलाबी डाग पडलेली माझी तांदूळ धुवायची पाटी घासत बसले होते. तीनदा घासूनही डाग तसाच.

"ताई, तुमी पुस्तकं वाचता. मला एक सांगा."

"बस की आधी."

"न्हाय बसत. इखानं मारल्यालं जनावर कोन खातं? आन कोन इकत घेतं?"

मी घासायची थांबले. काल सबंध दिवस गावानं बिर्याणीचे विनोद केले, पण एवढा साधा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मलासुद्धा नाही.

"गुरुवारी संध्याकाळी काठावर ते एकटेच होते ना?" मी विचारलं.

"व्हय. समदे त्येच धरून बसल्यात. आमी मंगळवारी दुपारच्या गाडीनं बारामतीला गेलो. बुधवारी माझा डोळा झाला. गुरुवारी दुपारी आलो, आन हे होडी बघायला गेलं. दोन दिस होडी न बघितल्यालं मानूस, घरी थांबंल व्हय?"

"कुणाला फोन केला होता त्यांनी?"

करिमानं मान हलवली. "सांगत न्हायत. म्हनत्यात, त्यो आपनहून बोलंल. म्या म्हनलं, तुमी बोलंस्तोवर सोमवार उजाडंल."

ती गेली. तिनं एकदाही म्हटलं नव्हतं की माझ्या नवऱ्यानं हे केलं नाही. ते मला कळायला हवं असं तिनं धरलं होतं. मी डोक्यावर पदर घेतला आणि बाराच्या उन्हात काठाला निघाले.

३

आमच्या काठाची एक रीत आहे. पाहुण्यांच्या ती लक्षात येत नाही, कारण ते पाण्याकडं बघत असतात.

दिवाळी सरली की धरणाचं पाणी उतरायला लागतं, आणि खाली नदीला सोडलं की झपाट्यानं मागं सरतं. आमचा काठ तव्यासारखा सपाट. पाणी चार बोटं उतरलं तरी कड सात-आठ पावलं लांब जाते. होडी जागच्या जागी राहिली तर दुसऱ्या दिवशी गाळात रुतून बसते. म्हणून प्रत्येक होडीवाला सकाळी आधी खुंटा उपटतो, पाण्याच्या कडेला नेऊन ठोकतो आणि होडी तिथं बांधतो. चहा त्यानंतर. उपटलेल्या खुंट्याचं भोक गाळात तसंच राहतं आणि उन्हानं भाजून पक्कं होतं. होड्या सहा, म्हणून भोकांच्या रांगाही सहा. रोजचं एक भोक.

मॅडमनी प्रत्येक मेलेल्या हंसाच्या जागी चुन्याचा गोल काढला होता. गोल सगळीकडं विखुरलेले. मी त्यांच्याकडं बघणं सोडून दिलं. विष खाल्लेला जीव कुठंही जाऊन पडतो. मला बघायचं होतं की त्यांनी खाल्लं कुठं.

अर्धा तास वाकून चालल्यावर मिळालं. गहू. दाणे एका पट्ट्यात टाकलेले, पाण्याच्या कडेला समांतर. पण आजच्या कडेला नाही. आजच्या खुंट्यापासून मागं मोजलं. शुक्रवारचं भोक, मग गुरुवारचं, मग बुधवारचं. गव्हाचा पट्टा बुधवारच्या भोकांच्या ओळीत होता.

पुस्तकातला हवालदार इथं म्हणाला असता, गुरुवारी संध्याकाळी कुणी मागं येऊन टाकला असेल. म्हणून मी गुडघे टेकले. कित्येक दाणे हंसांच्या पावलांच्या ठशांखाली दाबलेले होते. पडद्याच्या पावलाचा स्वच्छ ठसा, आणि त्याच्या तळाशी गहू. असा ठसा उमटायला गाळ लोण्यासारखा मऊ लागतो, म्हणजे पाणी नुकतंच मागं सरलेलं लागतं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत या जागेला कडक पापुद्रा आला होता. त्यावर हंस नाचला असता तरी खूण पडली नसती. गहू बुधवारी पडला, आणि बुधवारीच खाल्ला गेला.

मग मी युनूसभाईंच्या रांगेकडं गेले. त्यांचा खुंटा जाड, भोक ओळखू येतं. गुरुवारचं होतं. त्याच्यामागं बुधवारचं असायला हवं होतं.

नव्हतं.

सरळ मंगळवारचं भोक. आणि मंगळवारपासून गुरुवारपर्यंत गाळात एक खोल चर, रुतलेली होडी एकट्या माणसानं ओढत पाण्यापर्यंत नेल्याचा. दोन्ही बाजूंना टाचा रोवल्याच्या खड्ड्यांसकट.

बाकी पाच रांगांत बुधवारचा खुंटा होता. ज्याच्यावर आळ आला त्याच्याच रांगेत नव्हता. तो माणूस त्या दिवशी बारामतीला दवाखान्याच्या बाकावर बसलेला होता, आणि इथं त्याचा काठच साक्ष द्यायला उभा होता. बघायला कुणी आलं नव्हतं एवढंच.

ठशातला एक दाणा उकरून मी तळहातावर घेतला. गहू साधाच वाटला. उलटा केला तर मधल्या चिरेत गुलाबी रंगाची रेघ होती.

४

गुलाबी गहू म्हणजे पेरणीचं बी. किडीसाठी औषध लावलेलं. आणि या भागात गाळात गहू पेरणारे एकच. रविवारी सकाळी मी सर्जेराव आबांच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

"काय संजे? बैठकीला किती मान्सं, त्ये इचाराया आलीस?"

"नाही आबा. संक्रांतीत तुम्ही म्हणाला होता, या हंसांना एक दिवस जेवणच घालतो."

"म्हनलो हुतो. आजून म्हनतो. दोन एकर हरभरा त्यांनी शाळंतल्या पोरांवानी वळीनं बसून खाल्ला."

"मग घातलंत?"

आबांचा चेहरा बदलला, पण रागानं नाही. करमणूक झाल्यासारखा. "आगं, मी शेतकरी हाय, खुळा न्हाय. मारायचंच आसतं तर माझ्या बांधाला टाकलं आसतं. पान्याच्या कडंला टाकून मला काय मिळनार? तितं माझं काय पिकतंय?"

मी काठावरनं आणलेले दाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी एकावर थुंकी लावून अंगठ्यानं चोळला, डोळ्यांजवळ नेला.

"बी माझंच हाय," ते म्हणाले. लपवायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. "पर ह्याचा रंग कुठं गेला? पोत्यात कुकवावानी लाल भडक हुतं. हे कुनीतरी धुतलंय."

ज्याला विष घालायचंय तो ते धुऊन घालील का? धुतलं, म्हणजे टाकणाऱ्याला हंस मारायचे नव्हते. त्याला ते जिवंत हवे होते. पाण्याच्या कडेला, एका ओळीत, माना खाली घालून.

"आबा, हे बी तुमच्या घरातनं कुणी नेलं का?"

"तूच मागिवलंस की."

"मी?"

"सोमवारी दीपक आला हुता. म्हनला, मावशीनं कोंबड्यास्नी मागितलंय. म्या सांगितलं, बाबा, औशिद लावल्यालं हाय, घालू नगं. त्यो म्हनला, धुऊन घालतो. आर्धं पोतं उरलंच हुतं, दिलं."

"माझ्याकडं कोंबड्या नाहीत," मी म्हणाले. "कधीच नव्हत्या."

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग दाणे माझ्या हातात परत देऊन त्यांनी माझी मूठ स्वतःच्या हातानं मिटवली.

"मग हितंच थांब, संजे," ते हळू म्हणाले. "फुडं इचारू नगं."

५

घरी आले तर दीपक ओट्यापाशी बसून दुर्बिणीच्या काचा पुसत होता. मी पाटी त्याच्यासमोर ठेवली.

"हा रंगपंचमीचा रंग नाही ना?"

त्यानं पाटीकडं बघितलं. दुर्बीण पेटीत ठेवली, पेटीचा बंद लावला. वेळ काढायला माणसाला किती कामं सापडतात.

"तीन पाण्यांनी धुतलं होतं, मावशी. शेवटचं पाणी स्वच्छ निघालं. मला वाटलं, रंग गेला म्हणजे औषध गेलं."

"आबांनी सांगितलं होतं ना?"

"आबा तर सगळ्यालाच नको म्हणतात. आपण फवारलेली द्राक्षं धुऊन खातोच की. उभ्या तालुक्यात खातात. कोण मेलं?"

मीसुद्धा तशीच खाते. धुऊन, पदराला पुसून.

"त्या साहेबांची तिसरी खेप होती," तो म्हणाला. "दोन हिवाळे हंस लांबूनच उडाले. याही वेळी तसंच झालं असतं तर पुढच्या वर्षी ते दुसऱ्या काठाला गेले असते, आणि दहा जणांना सांगून गेले असते. फक्त जवळ यायला हवे होते. मी त्यांना मारीन का? सांग ना. मी?"

नाही. लहानपणी टिटवीच्या अंड्यांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून हा दिवसभर उन्हात बसून राहिलेला मुलगा. ती अंडी ओळखायला त्याला युनूसभाईंनीच शिकवलं होतं. शाळा बुडवून हा त्यांच्या होडीत असायचा, आणि मी काठावरनं हाका मारायची.

"चाचांनी गुरुवारी कुणाला फोन केला होता?"

त्यानं पेटीचा बंद पुन्हा उघडला.

"दीपक."

"मला. म्हणाले, दोन मेलेत, मॅडमचा फोन लागत नाही, तू कळव. मी म्हणालो, होडीत झाकून ठेवा, सकाळी मी दाखवतो. मला विचार करायला वेळ हवा होता, मावशी. सकाळी एवढे पडतील हे मला माहीत नव्हतं."

"सकाळी दाखवलंस?"

"मॅडमनीच फळी उचलली."

"तू काय केलंस?"

"उभा राहिलो."

बाहेर पत्रा उन्हानं तडतडत होता. दीपकनं खाली मान घातली आणि मग जे म्हणाला ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणाला, "चाचा माझं नाव घेणार नाहीत. मला माहितीय."

बी धुऊन टाकणं ही चूक होती. गप्प उभं राहणं ही भीती म्हणू. पण त्या माणसाची माया किती आहे हे नीट मोजून, तिच्यावर निर्धास्त उभं राहायचं, याला काय म्हणावं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

"उद्या बैठकीत तू स्वतः बोल," मी म्हणाले. "मी वाट बघीन."

"बोलतो."

६

सोमवारी दहाला बारा-तेरा माणसं जमली. सर्जेराव आबा खुर्चीत. माधवी मॅडम कागद घेऊन बाकावर. युनूसभाई दाराबाहेर उभे, कारण आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं. दीपक खांबाला टेकून.

"माझं म्हननं, पोलिसातच द्या," एक होडीवाला म्हणाला.

"एकाला सोडलं की उद्या धा जन करत्याल."

"आसल्या मानसाला काठावर पाय ठिवू द्यायचा न्हाय."

मी दीपककडं बघत होते. तो दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. युनूसभाईही त्याच्याकडंच बघत होते. रागानं नाही. मूल पहिल्यांदा पोहताना काठावरचा माणूस बघतो तसं.

"तर मग ठराव," आबा म्हणाले. त्यांना सगळं माहीत होतं.

दीपकनं पट्टा पुन्हा गुंडाळला.

"एक मिनिट आबा," मी म्हणाले. "सगळ्यांनी माझ्याबरोबर काठावर चला. भोकं मोजायचीत."

होडीवाल्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. मी गव्हाचा पट्टा दाखवला, ठसे दाखवले, युनूसभाईंच्या रांगेतली मोकळी जागा दाखवली. ज्यांनी रोज सकाळी तेच काम केलं होतं ते त्या चराभोवती उकिडवे बसले. एकानं जाऊन स्वतःच्या रांगेतलं बुधवारचं भोक पायानं चाचपलंसुद्धा. मग मी मूठ उघडून गुलाबी चिरेचे दाणे मॅडमना दिले, आणि बी कुठून आलं, कुणी धुतलं, कशासाठी टाकलं ते सांगितलं. गुरुवारचा फोन कुणाला गेला तेही. बहिणीच्या मुलाचं नाव घेताना माझा आवाज कापेल असं वाटलं होतं. कापला नाही. तेच मला जास्त लागलं.



"आता पोराकडनं चूक झाली म्हनायची," मघाशी पोलीस मागणारा म्हणाला.

"चूकच. त्येनं धुतलं तर हुतं."

"आन हंस तसंबी उनानं मरत्यातच की. मॅडम, रोगानं मेलं म्हनून लिवता येतंय का बघा. उगं काठाचं नाव खराब."

"मी जे बघितलं आणि ऐकलं तेच लिहिणार," मॅडम म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

तेव्हा युनूसभाई पहिल्यांदा बोलले. "मघाशी बी हेच हंस हुते. तवा पोलीस लागत हुते."

आबांनी घसा साफ केला आणि निकाल सांगितला. युनूसची होडी मोकळी. दीपकनं हा हंगाम संपेपर्यंत पाहुणे न्यायचे नाहीत.

हंगाम संपायला बारा दिवस राहिले होते.

दीपक माझ्याजवळून गेला. "कोंबड्यांचं तरी सांगायचं नव्हतंस," एवढंच म्हणाला. त्याच आठवड्यात तो बारामतीला एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला. नोव्हेंबरात परत आला; मॅडमचा कागद तोवर वरच्या कचेरीत पडून होता. समितीनं त्याचा नारळ देऊन सत्कार केला, कारण त्याच्यावाचून पाहुण्यांना पक्षी कोण दाखवणार? माझ्याकडं जेवत नाही. पाहुण्यांना जेवायला पाठवतो, स्वतः गाडीत बसून राहतो.

७

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठावर गेले तर युनूसभाई होडीत भांडी भरत होते. गादी, स्टोव्ह, करिमाची पेटी. करिमा आधीच बसली होती.

"हे काय? होडी तर मोकळी झाली."

"व्हय. म्हनून तर जाता येतंय."

"कुठं?"

"पल्याड. करमाळ्याच्या बाजूला करिमाचा भाऊ ऱ्हातो."

"युनूसभाई, आता सगळ्यांना कळलंय. तुमच्यावर काही नाही."

त्यांनी स्टोव्ह नीट लावला, हलणार नाही असा. मग सरळ उभे राहिले.

"ताई, तुमी काल समदं सांगितलं. भोकं, दानं, फोन. स्वोताच्या पोराचं नाव घेतलं. आसं कोन करतं? न्हाय करत. माझ्यावर उपकार हायेत." ते थांबले. "पर एक सांगायचं ऱ्हायलं. शुक्रवारी दुपारी करिमा नेहमीसारखी चिलापी घिऊन तुमच्या दारात आली. तुमी म्हनलात, आज नगं."

ते खरं होतं. मी ते बैठकीत सांगितलं नाही. इथंही आतापर्यंत लिहिलं नव्हतं. करिमाचा चष्मा त्या दिवशीही काळाच होता. ती टोपली डोक्यावर घेऊन एकटीच आली होती, आणि मी तिला म्हटलं होतं, आज नको, गिऱ्हाईक नाही. आत चार माणसं जेवत होती. त्यांच्या बोलण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"का नगं म्हनलात?"

मी खोटं बोलले असते तर त्यांनी मानलं असतं. दीपकचं मानलं होतंच की.

"तुमचा संशय आला म्हणून."

युनूसभाईंनी मान हलवली, जणू मी वेळ सांगितली. "बाकीच्यांचं मला काय वाटलं न्हाय. ती मान्सं येगळी. सतरा वर्सं तुमच्या चुलीला मासं माझ्या जाळ्यातलं."

"पुन्हा कधी याल?"

"पावनं आसलं तर सोडाय येईन की. धंदा हाय." त्यांनी बांबू गाळात रोवला आणि होडी ढकलली. "उतरायचं मातुर न्हाय."

आणि त्यांनी शब्द पाळला. आठवड्यातून एकदा-दोनदा पलीकडून त्यांची होडी येते. पाहुणे उन्हानं लाल झालेले, रोहित बघून हरखलेले. गुडघाभर पाण्यात होडी थांबते. पाहुणे बूट हातात घेतात, पँटी वर खोचतात आणि एकमेकांना धरून काठावर येतात. युनूसभाई तोंड फिरवतात आणि निघून जातात.

मग ती मंडळी माझ्या बाकावर बसून पाय पुसता पुसता विचारतात, "ताई, तुमचे ते होडीवाले काठाला का लागत नाहीत हो?"

"गाळ फार आहे तिथं," मी सांगते, आणि ताटं मांडायला घेते.